हिरव्या कापडापुढचे हात

आधीच सांगून ठेवते, माझ्या लिहिण्यात ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका असतील. अक्षरही चांगलं नाही. ओळीवर सुरू होतं आणि पानाच्या कडेला पोचेपर्यंत खाली उतरतं. शाळा चौथीपर्यंत झाली, त्यालाही आता तीस-पस्तीस वर्षं होऊन गेली. ही वही कोणाला दाखवायची नाही, तेव्हा माफी तरी कोणाची मागायची हा प्रश्नच आहे. तरी मागून ठेवते.

परवा तुळशीचं लग्न झालं. बिल्डिंगच्या बायकांनी खाली अंगणात ऊस बांधले, चिंचा-आवळे ठेवले, आणि लहान मुलांनी अक्षता तुळशीपेक्षा एकमेकांवरच जास्त टाकल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी दूध आणायला गेले तर स्टेशनकडच्या रस्त्यावर हॉलवाल्यांनी दिव्यांच्या माळा उतरवून रस्त्यातच पसरल्या होत्या आणि एकेक बल्ब फिरवून बघत होते. लग्नसराई आली. मला ती कधीच सनईच्या आवाजाने कळली नाही. इस्त्रीखाली गरम होणाऱ्या कापडाच्या वासाने कळते. आमच्या घरात या दिवसांत पहिली गोष्ट व्हायची ती म्हणजे मोठं हिरवं कापड पेटीतून बाहेर काढून इस्त्री करणं. आता ते कापड नाही, पण वास येतो.

माझ्या बहिणीची मुलगी प्राजक्ता अंधेरीला कॉम्प्युटरवर अक्षरं आणि चित्रं हलवायला शिकते. त्याला ती मोशन ग्राफिक्स म्हणते. दिवाळीत आली तेव्हा म्हणाली, "मावशी, तू एवढी वर्षं लग्नाचं मिक्सिंग केलंस, मला काहीतरी सांग ना. आमचे सर सॉफ्टवेअर शिकवतात. काम कोणी शिकवत नाही."

"मला काय येतं," मी म्हटलं.

"तुला बोलायला येत नाही गं. बाकी सगळं येतं."

ती गेल्यावर ही वही घेतली. पाच-सहा गोष्टी लिहून द्याव्यात असं मनात होतं. पण पहिलीच गोष्ट लिहायला घेतली आणि उज्ज्वला आठवली, आणि मग ते प्राजक्तासाठी राहिलं नाही. तिच्यापुरतं वेगळ्या कागदावर उतरवून देईन.

पहिली गोष्ट अशी होती. पडद्यावर नाव आलं की ते किती वेळ ठेवायचं? मी दोनदा वाचून होईपर्यंत. मी म्हणजे चौथी शिकलेली बाई, जी अक्षराला अक्षर लावून वाचते. शिकलेली माणसं नाव लगेच घालवतात, कारण त्यांचं वाचून झालेलं असतं. पण लग्नाची कॅसेट बघायला नवऱ्या मुलाची आजी बसते, गावाकडचा मामा बसतो. त्याला आपल्या भाच्याचं नाव पूर्ण वाचता आलं पाहिजे, आणि वाचून झाल्यावर थोडा वेळ नुसतं बघताही आलं पाहिजे. हे मला कोणी शिकवलं नाही. उज्ज्वलाच्या लक्षात आलं. ती माझ्या मागे उभी राहून म्हणाली होती, "वहिनी, तुम्ही वाचताना ओठ हलवता ना, ते थांबले की नाव काढायचं. घड्याळ नको बघायला."

उज्ज्वला तळमजल्यावरच्या तात्यांची मुलगी. तात्या गिरणीत होते. गिरणी बंद पडली, हिशेबाचे पैसे मिळाले, ते परळची खोली सोडून आमच्या बिल्डिंगमध्ये विरारला आले. आम्ही तिसऱ्या मजल्यावर. हे तेव्हा लग्नाची शूटिंगं घ्यायचे आणि मिक्सिंगला, म्हणजे कापून-जोडून घ्यायला, कॅसेटी बोरिवलीला शहाकाकांकडे न्यायचे. दोन पैसे सुटायचे ते तिकडेच जायचे. शहाकाकांना कारभार गुंडाळून मुलाकडे बडोद्याला जायचं होतं. त्यांनी आपला कॉम्प्युटर आणि दोन व्हीसीआर विकायला काढले. आमच्याकडे पैसे नव्हते. उज्ज्वलाने ते तात्यांच्या कानावर घातलं. तात्या वर आले, चहा प्याले, आणि उठताना म्हणाले, "बँकेत पडून राहण्यापेक्षा तुमच्याकडे असू देत. जमेल तसे द्या. कागद-बिगद नको."

असं ते मशीन आमच्या पुढच्या खोलीत आलं. मी त्याला फुलाफुलांचं कव्हर शिवलं. ह्यांना शूटिंगमुळे वेळ नव्हता, म्हणून शिकायचं माझ्यावर आलं. बाहेर चार माणसांत मला तोंड उघडता येत नाही, भाजीवाल्याशी घासाघीसही करता येत नाही. मशीनपुढे बोलावं लागत नव्हतं, एवढ्यावर मी हो म्हटलं.

शहाकाका आठ दिवस येऊन शिकवून गेले. जाड भिंगाचा चष्मा, पांढरा शर्ट, खिशात विड्यांचं पाकीट. त्यांची मराठी त्यांची होती. पहिल्या दिवशी मी प्रत्येक दोन दृश्यांच्या मधे काहीतरी घातलं. कुठे पान उलटत होतं, कुठे बदाम उघडत होता, कुठे नवरा-नवरी गोल गोल फिरत लांब जात होते. त्यांनी शेवटपर्यंत शांतपणे बघितलं.

"बेन, तुमी लगनात जाता तवा वरमाईपेक्षा भारी साडी नेसता?"

"नाही."

"मग इफेक्टला का नेसवली?"

त्यानंतर मी हात आखडता घेतला. पाठवणीच्या वेळी मुलगी रडते, बाप तोंड फिरवतो, तिथे काही घालायचं नाही. म्हाताऱ्या माणसाच्या चेहऱ्यावर काही उडवायचं नाही. अक्षरं कडेने पळत आली तर येऊ देत, पण थांबताना झोपाळा थांबतो तशी थांबली पाहिजेत, भिंतीवर आपटल्यासारखी नाही. आणि नावं काठापासून चार बोटं आत ठेवायची. लोकांचे टीव्ही जुने असतात, ते कडेचं खातात. आगाशीच्या एका घरी नवरदेवाच्या नावातलं शेवटचं अक्षर टीव्हीने खाल्लं होतं आणि त्याच्या मित्रांनी वर्षभर त्याला त्याच अर्ध्या नावाने हाक मारली.

शहाकाका गेले आणि मी अडले. मशीनवर सगळं इंग्रजी. मी जागा लक्षात ठेवून काम करायचे. वरून तिसरं, मग त्यातलं खालून दुसरं. एक दिवस काहीतरी हललं आणि सगळ्या जागा बदलल्या. मी रडकुंडीला आले. संध्याकाळी उज्ज्वला कामावरून आली. ती फोर्टात एका कचेरीत टायपिस्ट होती. पर्स खांद्याला तशीच ठेवून तिने एक वही मागितली आणि पडद्यावरचा एकेक शब्द मराठीत उतरवला. पुढे अर्थ लिहिला. कापणे. जोडणे. हळू करणे. मागचे काढून टाकणे. पुढचे दोन महिने ती रोज यायची, काकीने, म्हणजे तिच्या आईने, दिलेली वाटी घेऊन, कधी घावन, कधी कुळथाचं पिठलं. मी शिकायचे आणि ती खाटेवर पाय वर घेऊन बसून बोलायची. माझ्याशी कोणी इतकं बोललं नव्हतं. मी उत्तर दिलं नाही तरी तिला चालायचं.

"वहिनी, तुमच्याशी बोललं की विहिरीत बोलल्यासारखं वाटतं. बाहेर जात नाही."

"विहिरीत आवाज घुमतो," मी म्हटलं.

"बघा, बोलता की तुम्ही."

तिचं लग्न ठरायच्या आधी ते फक्त मला माहीत होतं. मुलगा तिच्याच कचेरीतला, आगाशीचा. त्यांचं तिथलं जुनं घर, वाडी, केळी, विहीर. घरातल्यांना सून त्यांच्यातलीच हवी होती. वर्षभर नाही नाही चाललं. मुलाने जेवण टाकलं, मग त्याच्या आईने मान हलवली. हो म्हटलं नाही, नुसती मान हलवली. उज्ज्वला मला म्हणाली, "आता माझी परीक्षा. पहिलं वर्ष नीट गेलं की मग त्या मला ठेवतील."

त्या वर्षीची लग्नसराई. मार्गशीर्षातलं लग्न. तात्यांनी शूटिंगचे पैसे विचारले तेव्हा ह्यांनी घ्यायला साफ नकार दिला. आणि मी मनाशी ठरवलं की आजवर कोणाचं केलं नाही असं हिचं करायचं. सासरी पाचव्या दिवशी सत्यनारायण होता. सगळे नातेवाईक जमणार होते. त्या दिवशी दाखवायला अर्ध्या तासाची कॅसेट करून द्यायची, आणि त्यात शेवटी नवरा-नवरी बर्फाच्या डोंगरापुढे उभे आहेत असं दाखवायचं. उज्ज्वलाला बर्फ बघायचा होता. तिने एकदा सहज म्हटलं होतं.

हे कसं करतात ते लिहिते. माणसाला एका रंगाच्या सपाट कापडापुढे उभं करायचं. कापडाला एकही सुरकुती नको, म्हणून इस्त्री. माणूस कापडापासून चार-पाच पावलं पुढे, म्हणजे सावली कापडावर पडत नाही आणि कापडाचा रंग अंगावर चढत नाही. कापडावर दोन्ही बाजूंनी सारखा उजेड. मग मशीनला सांगायचं, हा रंग जिथे दिसेल तिथे भोक पाड आणि मागून डोंगर दाखव. मशीन इमानदार असतं. सांगितलेल्या रंगाचं काहीही ते ठेवत नाही.

म्हणून पहिला नियम, अंगावर जो रंग आहे तो कापडाला नको. आमचं आधीचं कापड निळं होतं. पण उज्ज्वलाच्या नवऱ्याचा रिसेप्शनचा सूट निळा. हे म्हणाले, सूट गायब होईल आणि नुसतं मुंडकं राहील. आम्ही दोघं त्यावर खूप हसलो. मग हे बाजारातून हिरवं कापड घेऊन आले. नवीन, गर्द, सुरेख. आम्ही शालू विचारला, तो डाळिंबी. ब्लाउज विचारलं, तेही डाळिंबी. हारातली पानं मी स्वतः काढली. गजऱ्याच्या देठांना पांढरा दोरा गुंडाळला. एवढं केलं.

तिच्या हातात हिरवा चुडा होता.

मला आजही नीट सांगता येत नाही की तो का दिसला नाही. ह्यांना दिसला नाही, मला दिसला नाही, शूटिंगच्या वेळी आमच्या गच्चीवर कौतुक बघायला उभ्या असलेल्या सात-आठ बायकांना दिसला नाही, तिला स्वतःला नाही. आमच्या हातांत पण त्याच बांगड्या होत्या. नवरीच्या हातात हिरव्या बांगड्या असतात, ते आम्हाला रंग म्हणून दिसतच नाही. कोणी विचारलं असतं की तिच्या अंगावर कोणते रंग आहेत, तर आम्ही डाळिंबी म्हटलं असतं, सोनेरी म्हटलं असतं, कुंकवाचा लाल म्हटला असता. शहाकाका असते तर त्यांनी बघितलं असतं. त्यांच्या गुजरात्यांकडे लाल-पांढरा चुडा असतो.

पुढचं सगळं घाईत झालं. तेव्हा विरारला लाइट जायची. मशीनला एवढ्याशा तुकड्याचं काम दिलं की ते पाच-सहा तास घ्यायचं, आणि मधे लाइट गेली की पुन्हा पहिल्यापासून. सकाळी लावलं, दुपारी गेली. पुन्हा लावलं, पुन्हा गेली. काम करताना चित्र दिसायचं ते काडेपेटीएवढं. मी त्यात तिचा चेहरा बघत होते. ती त्या जागी काहीतरी बोलून हसली होती आणि मेंदी दाखवायला दोन्ही हात वर केले होते. ते मी हळू केलं, म्हणजे तिला जास्त वेळ बघता येईल. सत्यनारायणाच्या सकाळी कॅसेट तयार झाली. सुरुवात बघितली, शेवट बघितला, मधला भाग पुढे पळवला. तात्या खाली रिक्षात बसले होते.

प्राजक्ताला हे ठळक लिहून द्यायचं. झालेलं काम पूर्ण बघायचं, मोठ्या टीव्हीवर, पळवायचं नाही. एकदा आवाज बंद करून बघायचं. एकदा दुसऱ्या कोणाला बघायला बसवायचं आणि आपण पडद्याकडे नाही, त्याच्या तोंडाकडे बघायचं.

आगाशीच्या त्या घरी ओटीवर टीव्ही ठेवला होता. पूजा झाली, केळीच्या खांबांमधे सत्यनारायण, सगळीकडे तुपाचा वास. मी बायकांच्या मागे, स्वयंपाकघराच्या दाराशी प्रसादाची वाटी घेऊन बसले. उज्ज्वला पुढे, सासूच्या बाजूला, डोक्यावर पदर. सगळं छान चाललं होतं. आपापली तोंडं दिसली की माणसं हसत होती. मग सनई वाजली, डोंगर आला, बर्फ आला. कोणीतरी म्हणालं, कुठे काश्मीरला गेलेली कां ही दोघं. मला आनंद झाला. मग तिने हात वर केले.

मनगटापासून वर, जिथे चुडा होता तिथे बर्फ दिसत होता. पांढरा. पंजे वेगळे, मेंदीने भरलेले, आणि मधे काही नाही. मी हळू केलेलं होतं. त्यामुळे ते संपतच नव्हतं.

एक लहान मुलगी आधी हसली. "काकीच्या हाताला भोकं परली." आणखी दोघं-तिघं हसले. मग सासूबाई उठल्या आणि त्यांनी टीव्ही बंद केला. बटण कुठलं ते त्यांना माहीत नव्हतं, त्यांनी मागची वायर ओढली.

"माज्या सुनंचा हात मोकला कां दाखवला? कोनी केलं?"

तात्या उभे राहिले. हात जोडूनच उभे राहिले. "मशीनची चूक झाली हो, विहीणबाई."

"मशीनीला काय कलतंय," त्या म्हणाल्या. त्या ओरडल्या नाहीत. "मानसाला कलाया पायजे होतं."

त्या बाई वाईट नव्हत्या. त्या घाबरल्या होत्या. त्यांच्या मुलाचं चार दिवसांपूर्वी लग्न झालेलं आणि त्यांनी साऱ्या भावकीसमोर सुनेचा ओका हात बघितला. तेव्हा मला त्यांचा राग आला नाही, आजही येत नाही. उज्ज्वलाने आपल्या हातांकडे बघितलं. बांगड्या होत्या. तिने हात पदराखाली घेतले, आणि मग ती मागे वळून माणसांमधून कोणाला तरी शोधायला लागली. मला शोधत होती. मी मान खाली घातली. वाटीत शिरा होता, त्यात एक केळ्याचा तुकडा होता, तो मी बघत राहिले. वर बघितलं तेव्हा ती वळलेली होती.

दोन दिवसांनी तात्या वर्तमानपत्रात गुंडाळलेली कॅसेट घेऊन आले. चपलांच्या कपाटावर ठेवली. "ही ठेवून घ्या. त्यांना घरात नको आहे." बस, एवढंच. ते रागावले असते तर बरं झालं असतं. हे म्हणाले, कापड मी आणलं, चूक माझी. आणि मग थोड्या वेळाने म्हणाले, पण तू बघायला हवं होतंस ना. दोन्ही खरं होतं.

मी तो तुकडा पुन्हा केला. डोंगर काढून टाकला. मागे नुसतं हिरवं कापड, त्याची एक कड वाऱ्याने हलते आहे, कोपऱ्यात आमच्या गच्चीची पाण्याची टाकी, आणि पुढे ती हात वर करून हसते आहे. चुडा कापडाच्या रंगाचा असला तरी दिसतो, काचेवर ऊन पडलेलं आहे म्हणून. एवढं सरळ चित्र मी आधी कधी ठेवलं नव्हतं. ती माझी सगळ्यात चांगली कॅसेट. ती कोणाला दिली नाही.

संक्रांतीला उज्ज्वला माहेरी आली. पहिली संक्रांत, काळी साडी. मी खिडकीतून तिला रिक्षातून उतरताना बघितलं. मला माहीत होतं की ती वर येणार. मी दाराला आतून कडी घातली. का घातली ते मला तेव्हाही कळलं नाही. खरं म्हणजे कळलं होतं. तिच्यापुढे उभं राहून काय म्हणायचं ते मला येत नव्हतं. माझ्या तोंडाला शब्द येत नाहीत हे तिला माहीत होतं, तिने ते कधी मागितलेही नव्हते, तरी मी घाबरले.

मशीन चालू होतं. दुसऱ्या कोणाच्या लग्नाची सनई वाजत होती.

तिने दार वाजवलं. हाताने वाजवताना बांगड्याही वाजल्या. "वहिनी. मी आलेय."

मी उठले आणि सनईचा आवाज कमी केला.

ते केलं नसतं तर तिला वाटलं असतं की ऐकू आलं नाही. बाई आत एकटी आहे, मशीन मोठ्याने चाललंय, काय करणार. पण आवाज कमी झाला आणि दार उघडलं नाही. ती बाहेर उभी होती, मी आत उभी होते. मधे एक पातळ दार. मला तिचा श्वास ऐकू येत होता, तीन जिने चढून आलेली. मग ती म्हणाली, "तिळगूळ ठेवते हं." आणि उतरून गेली. एकेक पायरी ऐकली मी.

बाहेरच्या कडीला कागदाची पुडी अडकवलेली होती. तो तिळगूळ मी खाल्ला नाही. टाकलाही नाही. फळीवर ठेवला, मुंग्यांनी थोडा थोडा नेला.

त्यानंतर ती वर आली नाही. माहेरी यायची, मला खिडकीतून दिसायची. एकदा जिन्यात समोरासमोर आलो. ती "बऱ्या आहात ना" म्हणाली, मी मान हलवली. ती थोडी थांबली होती. मी अंग चोरून बाजूने गेले. तिच्या घरी पुढे काहीही वाईट झालं नाही, हे लिहायलाच हवं. नवरा चांगला आहे, सुखरूप आहे. सासूबाईंनी पहिलं वर्ष तिला थोडं टोचलं असेल, नंतर निवळल्या. माणसं त्या कॅसेटला विसरली. त्या बांगड्यांमुळे कोणाचं काही गेलं नाही. जे गेलं ते कडी घातल्यामुळे गेलं.

तात्यांचे पैसे आम्ही दर महिन्याला थोडे थोडे देत होतो. ते द्यायचं काम मी मागून घेतलं. ह्यांना नवल वाटलं, मी कोणाच्या दारात कामाशिवाय जाणारी बाई नाही. पण आता काम होतं. दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात मी तळमजल्यावर जायचे, तात्या पाकीट घ्यायचे, काकी चहा टाकायची. मी काही विचारायचे नाही. काकी आपणहून सांगायची. उजूला दिवस गेलेत. उजूला मुलगी झाली. सासू नातीला खाली ठेवत नाही. उजूने नोकरी सोडली. उजूने पुन्हा धरली. मी कपातल्या चहाकडे बघत सगळं ऐकायचे आणि वर येऊन कामाला बसायचे, आणि त्या दिवशी माझं काम चांगलं व्हायचं.

एका सराईत बरा पैसा झाला. हे म्हणाले, तात्यांचं एकदम देऊन टाकू, डोक्यावरचं ओझं उतरेल. मी म्हटलं, नको, हाताशी राहू देत, लाइट गेली तर चालेल असा बॅटरीचा डबा घेऊ. तो डबा लागतच होता, ते खोटं नव्हतं. पण मी त्यासाठी म्हटलं नव्हतं. पुढच्या वर्षी कॅमेऱ्याचं कारण काढलं. मी आयुष्यात एवढंच लबाड वागले.

मग तात्यांनी खोली विकायला काढली. काकीचे गुडघे धरले होते, गावाला धाकट्या दिरांचं घर होतं, तिकडे जायचं ठरलं. ह्यांनी उरलेले सगळे पैसे पाकिटात घालून माझ्या हातात दिले. आता माझ्याकडे कारण नव्हतं.

सकाळचे दहा वाजले असतील. त्यांच्या घरात अर्धं सामान बांधलेलं, भांडी गोणपाटात, भिंतीवर फोटो काढलेल्या जागी स्वच्छ चौकोन. तात्या उघड्या खाटेवर बसले होते. मी पाकीट दिलं. "सगळे आहेत," मी म्हटलं.

त्यांनी ते उघडलं नाही. मांडीवर ठेवलं, वरून हात फिरवला. "फिटले हो सगळे," ते म्हणाले. "तुम्ही एक महिना चुकवला नाहीत. असं कोण करतं?"

काकीने चहा आणला. कप बांधून झाले होते, म्हणून स्टीलच्या पेल्यात. ती माझ्यासमोर भुईवर बसली, गुडघा दाबत. मुलगी आता शाळेत जाते, म्हणाली. तिला चित्रं काढायचा नाद आहे. रंगांचे खडू पुरत नाहीत. उजू म्हणते, कोणावर गेली कोण जाणे.

मी तिच्याकडे बघितलं. उज्ज्वलाला माझा निरोप सांगा, एवढे चार शब्द होते. ते जिभेपर्यंत आले होते. तात्या खिडकीबाहेर बघत होते. बाहेर टेम्पोवाला हॉर्न वाजवून कोणाला तरी बाजूला करत होता. काकीने माझा रिकामा पेला घेतला.

"आणखी घोटभर घेता का? पातेल्यात आहे थोडा."

मी कोणाकडे दुसऱ्यांदा काही घेत नाही. नको म्हणायला तोंड उघडलं आणि म्हटलं, "द्या."

तिने पातेलं उपडं करून पेल्यात ओतलं. आधीच निवत आलेला चहा होता. मी तो जितका हळू पिता येईल तितका हळू प्याले.